सीटखालचं इंजिन आणि पार्किंगमधला नळ

लिहून घ्या, पण मी बोलते तसंच लिहा, मागाहून गोड करू नका. माझं नाव सुमन. माहेर वाशीमकडचं. तिकडं माणसं आधी गाव विचारतात, मग गावातली आळी, मग आडनाव, आणि आडनाव कळलं की बोलणं थांबतं. पुण्यात तसं नाही. पुण्यात आधी फ्लॅट नंबर विचारतात, आणि तो नसला की बोलणं थांबतं.

माझा बाप ट्रकवर क्लीनर होता. गाडी कुठंही थांबली की हा आधी खाली उतरणार, कॅन घेऊन पाणी शोधणार, रेडिएटर बघणार, आणि मग स्वतःच्या तोंडाला पाणी लावणार. मला म्हणायचा, पोरी, गाडीला आन बैलाला आधी पाणी, मंग आपण. मी विचारायची, काऊन बाबा, तर म्हणायचा, त्याईले मागता येत नाही म्हणून. हे मी आत्ता का सांगतेय ते पुढं कळेल, कारण माझा सगळा घोटाळा ह्या एका चांगल्या सवयीनं झाला.

आणि पाण्याचं म्हणाल तर आमच्या घरात पाण्याचा इतिहास कुणाला वेगळा शिकवावा लागत नाही. माझ्या आजाला विहिरीवर चढू देत नव्हते. तो खाली ओंजळ धरून वाकून उभा राहायचा, वरून कुणाला दया आली तर ओतायचं. दीक्षा घेऊन आला त्या वर्षी त्यानं घरामागं स्वतः आड खणला, आजी माती ओढायला. बाप सांगायचा, त्या आडाचं पाणी खारट लागायचं, पण ते आम्ही सरळ उभं राहून प्यालो. बरं, ते राहू द्या. गाडीचं सांगते.

लग्न करून वाघोलीत आले तेव्हा इथं शेतं होती आणि मधेमधे इमारती, आता इमारती आहेत आणि मधेमधे खड्डे. आमचे हे रांजणगावला कंपनीत, शिफ्टमध्ये. मी आधी चार वर्षं स्कूलबसवर ताई होते, पोरांना हात धरून उतरवायचं, उलटी पुसायची, डबा विसरला तर आईला फोन करायचा. ड्रायव्हर रोज फोनवर बोलत गाडी चालवायचा. मी म्हटलं, हे तर मलापण येईल, आणि फोन न घेता येईल. शिकले. लायसन काढलं, बॅज काढला, जुनी व्हॅन घेतली. ह्या व्हॅनचं इंजिन चालवणाऱ्याच्या सीटखाली असतं, म्हणजे ते तापलं की काट्याच्या आधी मला कळतं, कुठून कळतं ते लिहू नका.

आठ मुलं माझ्याकडं. त्यातली सहा एकाच सोसायटीतली, त्या बारा मजली सोसायटीतली, जिच्या गेटसमोर तुम्ही आत्ता मघापर्यंत उन्हात उभे होतात. सहा मुलं तिथली म्हणून मला आत पार्किंगला एक कोपरा दिला होता, झाडाखालचा, ज्यावर पक्षी घाण करतात म्हणून कुणाला नको होता तो. गेटवर वॉचमन मामा, साठीचे, नांदेडकडचे, भल्या सकाळी ड्यूटीला हजर. आमचं चांगलं जमायचं. ते म्हणायचे, सुमनताई, तुमची व्हॅन आली की मला वाटतं शाळा सुटली, आणि मी म्हणायची, मामा, तुम्ही शाळेत गेला होतात कधी. हसायचे.

तर दिवाळीनंतर सोसायटीनं तळघरात पाणी शुद्ध करायचा मोठा प्लँट बसवला. टँकरचं पाणी खारं म्हणून. चांगलं केलं, मी कशाला नावं ठेवू. आणि त्याच दिवशी पार्किंगमध्ये, जिन्याखाली, एक नवा नळ लावला. त्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, फोटो काढले. सेक्रेटरी साहेब स्वतः उभे राहून बोलले, मी व्हॅन पुसत होते तिथंच, माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाले, आपल्या सगळ्या स्टाफसाठी ही पाण्याची सोय केली आहे, ह्याच प्लँटमधून थेट लाइन आहे, आता तुम्हाला घरून बाटल्या आणायला नकोत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. हे लिहा, मी पण वाजवल्या.

त्या दिवसापासून मामा, तीन वॉचमन अजून, झाडूवाल्या दोघी, वर कामाला जाणाऱ्या बाया, सगळे तिथंच पाणी प्यायचे. चहा त्याच पाण्याचा. मामांनी मला पण सांगितलं, ताई, फिल्टरचं आहे, तुमच्या खोल्यांवर तर टँकर तीन दिवसाआड, न्या की एक कॅन. मी न्यायला लागले. रोज वीस लिटरचा कॅन व्हॅनमध्ये. माझ्या पोरीला तेच पाणी प्यायला, तेच पाणी स्वयंपाकाला. थोडं खारट लागायचं, मला वाटलं मशीनच्या पाण्याची चव असेल.

संक्रांतीच्या सुमारास व्हॅनच्या खाली पाण्याचे थेंब दिसायला लागले. आमच्या नाक्यावर गॅरेज आहे, मिस्त्रीला दाखवलं. पाइप जरा सैल झालाय म्हणाला, क्लिप आवळली. रेडिएटरमधलं ते हिरवं कूलंट सांडून गेलं होतं, म्हटलं ते परत भरा. म्हणाला, मॅडम, ते कंपन्यांचे धंदे आहेत, आपल्याकडं साधं पाणी चालतं, रोज सकाळी बघत जा आणि घालत जा. आता रोज सकाळी बघणं आणि घालणं हे तर मला बापानंच शिकवलेलं. आणि मी साधं पाणी नाही घातलं. मी म्हटलं माझी लक्ष्मी आहे ही, हिला टँकरचं कशाला. मी फिल्टरचं घातलं. आधी तिला, मग मला. रोज, न चुकता, दोन महिने.

इकडं घरात डाळ शिजेना. काय सांगू तुम्हाला, सहा सहा शिट्ट्या, आठ शिट्ट्या, डाळीचा दाणा तसाच खडखडीत. मी किराणावाल्याकडं गेले आणि दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्याला बोलले, जुनी डाळ खपवता, गरीब बघून गळ्यात मारता. तो बिचारा म्हणतो, ताई, हीच डाळ माझ्या घरी शिजते. मी म्हटलं मग तुमच्या घरी येऊन शिजवू का. पोरीचं पोट सारखं बिघडायचं, ती बाहेरचं खाते म्हणून मी तिला रागवायची. बघा म्हणजे, दाणा सांगत होता, पोरीचं पोट सांगत होतं, आणि मी दोघांवर ओरडत होते.

मग शिमग्याच्या आठवड्यात व्हॅन तापायला लागली. नगर रोडचा जाम तुम्हाला माहीत आहे, तिथं गाडी चालत नाही, सरकते. सीट गरम, काटा वर, मी खिडक्या उघडून मुलांना गाणी म्हणायला लावायची म्हणजे लक्ष जाणार नाही. मिस्त्रीकडं गेले. तो काय विचारतो, गाडी चालवतं कोण. म्हटलं मी. तर मला सोडून आमच्या ह्यांना फोन लावला, आणि माझ्यासमोर उभा राहून त्यांना समजावतोय, दादा, वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवतात वाटतं. हे म्हणाले, मला काय विचारता, मला सायकलच्या पुढं काही येत नाही, तिलाच विचारा. फोन ठेवला तरी माझ्याशी बोलेना, गाडीशी बोलत होता. त्यानं आधी रेडिएटरचं झाकण बदललं. मग आतला थर्मोस्टॅट काढून फेकला, म्हणाला हा उगाच पाणी अडवतो. मग पंख्याची वायर थेट जोडली, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. दरवेळी म्हणायचा, आता बघा. दरवेळी मी बघायची, आणि काटा वर.

आणि एका सकाळी सिग्नलला, आठही मुलं आत, सीटखालून वाफ. मी मुलांना एकेक करून उतरवलं, फूटपाथवर रांगेत उभं केलं, एकमेकांचा हात सोडायचा नाही म्हटलं. मागून हॉर्न. एक जण काच खाली करून म्हणतो, बाई, झेपत नाही तर घरी बसा. मी त्याच्याकडं बघितलं पण नाही, मी मुलं मोजत होते. आठ. परत मोजली. आठ. रिक्षा करून शाळेत पोचवली, पण तोवर आयांच्या ग्रुपवर फोटो आला होता, कुणी काढला देव जाणे, वाफेतली व्हॅन आणि फूटपाथवर पोरं. एका आईनं लिहिलं, सेफ्टी फर्स्ट, लेट अस एक्स्प्लोर अदर ऑप्शन्स. बाकीच्यांनी अंगठे दिले. मला सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी व्हॅन धड आली नाही तर सहाच्या सहा मुलं दुसऱ्या गाडीला. म्हणजे माझी व्हॅन भंगारात आणि मी परत दुसऱ्याच्या बसवर उलट्या पुसायला.

मिस्त्री म्हणाला, इंजिनचं हेड उघडावं लागेल, आठवडा जाईल. म्हटलं, तुम्ही हात लावू नका आता. सकाळच्या गारव्यात थांबत थांबत व्हॅन नाना पेठेत नेली. तिथं हनीफचाचा आहेत, पन्नास वर्षं फक्त रेडिएटर करतात, दुसरं काही नाही. त्यांनी कुणाला फोन लावला नाही. मला स्टूल दिलं आणि विचारलं, बेटा, कधीपासून तापते, चढावर की जाममध्ये, सकाळी पाणी किती खाते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी माझ्या गाडीबद्दल विचारत होतं. थर्मोस्टॅट काढलाय म्हटल्यावर कपाळाला हात लावला. म्हणाले, घरात उकडतंय म्हणून कुणी दरवाजा उखडून फेकतं का.

मग रेडिएटर उतरवला, वरची टाकी उघडली आणि मला बोलावलं, इकडे बघा. आत सगळं पांढरं. नळ्यांची तोंडं बुजलेली, जसं जुन्या बंबाच्या आत साचतं तसं, बोटानं खरवडलं तर पापुद्रे निघाले. चाचा म्हणाले, पाणी कुठलं घालता. मी छाती पुढं करून सांगितलं, फिल्टरचं. तर हसले नाहीत, नुसतं म्हणाले, प्यायला येतं ते, की मशीन फेकून देतं ते. मला प्रश्नच कळेना. व्हॅनमध्ये माझा कॅन होता, दिला. त्यांनी दुकानातलं त्यांचं प्यायचं पाणी एका ताटलीत घेतलं, माझं दुसऱ्या ताटलीत, आणि दोन्ही स्टोव्हवर आळीपाळीनं आटवली. त्यांच्या ताटलीत काहीच उरलं नाही, पुसट डाग. माझ्या ताटलीत पांढरा थर, रांगोळी सांडावी तसा.

चाचा म्हणाले, बेटा, मशीन पाण्याचे दोन भाग करतं. चांगलं एका नळीनं वर जातं. त्या चांगल्यातला सगळा खार उरलेल्यात जमा होतो, आणि ते उरलेलं दुसऱ्या नळीनं बाहेर. हे ते बाहेरचं आहे. ह्यापेक्षा टँकरचं घातलं असतं तर गाडी जास्त चालली असती.

मी स्टुलावर बसून होते. मला गाडी आठवेना. मला डाळ आठवली. मग पोरीचा ग्लास आठवला, आणि मग मामांचा चहा.

चाचांनी सळया घालून नळ्या मोकळ्या केल्या, इंजिनच्या आतून औषध फिरवून धुऊन काढलं, तो गळका पाइप बदलला, थर्मोस्टॅट नवा घातला, पंखा पूर्वीसारखा जोडला, कूलंट भरलं. दोन दिवस लागले. रविवारी गाडी घेऊन मी मुद्दाम कात्रजचा घाट चढून आले, दुपारच्या उन्हात, रिकामी नाही, आमचे हे, पोरगी आणि शेजारची चार जणं भरून. काटा मधोमध. पोरगी म्हणाली, आई, हलतच नाही गं. म्हटलं, त्याला हलायचं कारण राहिलं नाही.

तिथं थांबले असते तर शहाणी ठरले असते. संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. मी दोन ताटल्या आणि मामांची चहाची शेगडी घेऊन पार्किंगमध्ये बसले. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाच्या आईकडून घरातलं पाणी मागून आणलं, दुसऱ्या ताटलीत जिन्याखालच्या नळाचं. आटवलं. दोन्ही ताटल्या नेऊन सेक्रेटरी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, म्हटलं, साहेब, ही तुमची आणि ही मामांची.

साहेब चिडले नाहीत. हे पुण्याचं असं असतं बघा, चिडत नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, अहो मॅडम, ते वापराचं पाणी आहे. फरशी धुवायला, गाड्या धुवायला. प्यायला आपल्याला कोणी सांगितलं. म्हटलं, तुम्ही. नारळ फोडला त्या दिवशी, घरून बाटल्या आणायला नकोत म्हणालात. म्हणाले, असं मी बोलल्याचं मला तरी आठवत नाही, कुणाला आठवतं का. तीस माणसं बसलेली. मी दारात उभ्या मामांकडं वळले, म्हटलं, मामा, तुम्ही सांगा. मामांनी टोपी काढली, हातात चोळत म्हणाले, साहेब म्हणतात तसंच असंल.

मला इतका राग आला, साहेबांचा आला त्याहून जास्त मामांचा आला. आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, मला वेगळाच प्रश्न पडलाय, आपण तर स्टाफ नाही, मग सोसायटीचं पाणी आपल्याला रोज देत कोण होतं. असेल कुणी तर एजन्सीला सांगून माणूस बदलून घेऊ. तेव्हा मला कळलं मामा टोपी का चोळत होते. त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं. ह्या वयात दुसरं गेट कोण देणार त्यांना. माझ्या दोन ताटल्यांनी म्हाताऱ्याची नोकरी जात होती.

म्हटलं, कुणी दिलं नाही साहेब. मी घेतलं. न विचारता घेतलं, मामा राउंडला गेले की भरून घ्यायची. चोरी लिहा. टाकाऊ पाण्याची चोरी, माझ्या नावावर लिहा. कुणीतरी मागं हसलं. साहेबांनी खरंच लिहिलं.

तर निकाल असा. माझी व्हॅन आत यायची नाही, बाहेर रस्त्यावर लावायची. मुलं सहाची सहा राहिली, कारण सोमवारी गाडी तापली नाही, आणि ज्या आईनं ऑप्शन्स लिहिलं होतं तिनंच ग्रुपवर लिहिलं, व्हॅन इज ओके नाऊ. पाण्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. मामा गेटवरच आहेत. आणि नळावर पाटी लागली, छान छापील, नॉट फॉर ड्रिंकिंग, इंग्रजीत. चार वॉचमन, दोघी झाडूवाल्या, त्यातल्या एकालाही इंग्रजी येत नाही. मी खडूनं खाली मराठीत लिहिलं, हे पिऊ नका. दुसऱ्या दिवशी पुसलेलं. परत लिहिलं. भिंत घाण होते म्हणाले. वर जाणाऱ्या चांगल्या पाण्याच्या नळीतून एक नळ खाली आणायचा, एवढंच काम आहे, चाचांना सांगितलं तर दुपारपर्यंत करतील. ते मात्र पुढच्या मीटिंगला, आणि पुढच्या मीटिंगला त्याच्या पुढच्या. नळ नको असं कुणीच म्हणत नाही. आजाला पण विहिरीवर कुणी नाही म्हणत नव्हतं म्हणे, नुसतं थांब म्हणायचे.

किराणावाल्याकडं जाऊन आले. म्हटलं भाऊ, डाळ चांगली होती, चुकले. तो म्हणाला, ताई, मी पण तुमच्या नावानं आठ दिवस शिव्या घातल्या, फिटलं. पोरीचं पोट आता बरं आहे. मामांची कंबर दुखते, लघवीला त्रास होतो, ते ह्या पाण्यानं की वयानं हे मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. पण सगळं कळूनसुद्धा आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नव्हते त्याची मला लाज वाटते. एक दिवस तेच व्हॅनच्या खिडकीशी आले, म्हणाले, सुमनताई, त्या दिवशी खरं बोलायला पाहिजे होतं. म्हटलं, मामा, खरं बोलायला पण खाली जागा लागते उभं राहायला. आता मी रोज सकाळी जारवाल्याकडनं एक कॅन भरून गेटवर ठेवते. ते पुण्य वगैरे लिहू नका. मला पुण्य नको, मला तो नळ पाहिजे.

झालं माझं. तुम्ही तरुण पोरं आहात, पत्रकं वाटता, उन्हात उभी राहता, चांगलं करता. सुखाचं राहा, शिका, मोठ्यानं बोला. तुमची ती बाटली द्या इकडं, भरलेली दिसतेय. मघाशी तुम्ही तिथं आत जिन्याकडं जाताना मी पाहिलं. भरली नाहीत ना तिथं? ओतून टाका. माझ्या कॅनमधलं घ्या. नाही, वाकायचं काय त्यात, बसा, सरळ बसा आणि प्या.